वरचे दहा तास

२००३ च्या वसंतात अमेरिकेतल्या आमच्या विमान कंपनीने वैमानिकांपुढे सवलतींचा जो करार ठेवला, त्यात दोन मोठी कलमं होती. एक पगारकपातीचं आणि दुसरं महिन्याचे उड्डाणतास वाढवण्याचं. क्रू रूममध्ये, हॉटेलच्या बसमध्ये, युनियनच्या बैठकांत बोलणं चालायचं ते पगाराचं. कोणाचे किती टक्के जाणार, घराचा हप्ता कसा भागणार, मुलांच्या कॉलेजचं काय. आम्ही सेवाज्येष्ठतेच्या यादीच्या तळाचे लोक मात्र तासांचं कलम पुन्हापुन्हा वाचत होतो, कारण आमच्या नोकऱ्या त्या कलमात अडकल्या होत्या.

हे तासांचं प्रकरण आधी सांगायला हवं. वैमानिक महिन्याला ७५-८० तास उडतो असं ऐकलं की लोक म्हणतात, एवढंच? पण हे तास मोजतात ते एका गेटवर ब्रेक सुटल्यापासून दुसऱ्या गेटवर ब्रेक लागेपर्यंत. त्याआधी हवामान बघायचं, इंधनाचा हिशेब करायचा, टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारायची, दोन उड्डाणांच्या मध्ये विमानतळावर ताटकळायचं, परगावच्या हॉटेलात रात्री काढायच्या. यातलं काही त्या तासांत धरत नाहीत. ८० तास उडणारा माणूस सहज त्याच्या तिप्पट वेळ घराबाहेर असतो. तेव्हाच्या अमेरिकी नियमाने एका वैमानिकाला महिन्याला १०० आणि वर्षाला १००० तासांची मर्यादा होती. युनियनचा करार त्याच्याही खाली आणखी एक रेषा ओढतो आणि म्हणतो, आमचा माणूस याहून जास्त उडणार नाही.

आता धरा, एका कंपनीत १००० वैमानिक आहेत आणि प्रत्येकजण महिन्याला ७८ तास उडतो. म्हणजे ७८,००० तासांचं काम झालं. करारातली रेषा ७८ वरून ८८ वर नेली तर तेच काम ८८६ माणसांत होतं. उरलेली ११४ माणसं घरी. एक विमान कमी झालं नाही, एक फेरी रद्द झाली नाही, प्रवाशाला पत्ताही लागला नाही. फक्त प्रत्येकाच्या वाट्याला वरचे दहा तास आले.

हे गणित नवं नाही. शिकागोत डेव्ह बेंके नावाच्या वैमानिकाने १९३१ मध्ये एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही युनियन उभी केली. १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाचा ‘निर्णय क्रमांक ८३’ आला आणि महिन्याला ८५ तासांची कमाल मर्यादा ठरली. पगाराचं सूत्रही त्याच निर्णयात होतं. त्या लोकांनी तास आणि पगार एकत्र बांधून घेतले, कारण एकाला हात लावला की दुसरं हलतं हे त्यांना दिसत होतं.

आमच्या धंद्यात दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेवाज्येष्ठतेचा नंबर. कंपनीत रुजू झालात की यादीत तळाला नाव लागतं. वरचे निवृत्त होतील तसं तुम्ही वर सरकता. कोणत्या शहरातून उडायचं, कोणतं विमान चालवायचं, डाव्या खुर्चीत कॅप्टन म्हणून बसायचं की उजव्या खुर्चीत फर्स्ट ऑफिसर म्हणून, गणपतीत सुट्टी मिळणार की नाही, सगळं त्या नंबरावर. कंपनी बदलली तर नंबर शून्यावर येतो. वीस वर्षं नोकरी केलेला कॅप्टनसुद्धा नव्या कंपनीत सगळ्यांत धाकटा होतो, धाकट्याचा पगार घेतो. म्हणून कोणी सहसा सोडून जात नाही. आणि माणसं कमी करायची वेळ आली की कात्री तळापासून लागते. याला अमेरिकेत फर्लो म्हणतात. माणूस नोकरीतून निघत नाही. पगार बंद होतो, आरोग्य विमा बंद होतो, पण नंबर जिवंत राहतो. गरज पडली की कंपनीने नंबरांच्या क्रमाने परत बोलवायचं असतं.

मी मूळचा लालबागचा. वडील रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मामा गिरणीत बदली कामगार. बारावीनंतर काकांच्या आधाराने अमेरिकेत आलो, छोट्या विमानांवर शिकवत-शिकवत तास जमवले, प्रादेशिक कंपनीत काही वर्षं काढली आणि १९९९ मध्ये मोठ्या कंपनीत लागलो. सुरुवातीला ‘रिझर्व्ह’वर होतो. म्हणजे फोन जवळ ठेवून बसायचं; कोणी आजारी पडलं, कोणाचं विमान कुठे अडकलं, की बोलावणं येतं. वडिलांना हे समजावताना मला फार बोलावं लागलं नाही. मामा रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभे राहायचे, कोणी खाडा केला तर आत घेतलं जायचं, नाहीतर परत घरी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती. अडीच लाख माणसं त्या संपात उतरली आणि त्यातली बरीचशी पुन्हा गिरणीच्या दारात गेलीच नाहीत. मामाही त्यातले. आमच्या घरात युनियन हा शब्द आदराने उच्चारला जायचा आणि त्याबरोबर एक भीतीही असायची.

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेच्या आकाशातली साडेचार हजारांच्या आसपास विमानं काही तासांत खाली उतरवली गेली. पुढे आकाश उघडलं, पण प्रवासी परतले नाहीत. ऑगस्ट २००२ मध्ये यूएस एअरवेज दिवाळखोरीत गेली, डिसेंबरमध्ये युनायटेड. मार्च २००३ मध्ये इराक युद्ध सुरू झालं, पाठोपाठ सार्सची साथ. प्रत्येक कंपनीने आपल्या युनियनांना बोलावलं आणि तेच सांगितलं, सवलती द्या, नाहीतर न्यायाधीश काढून घेतील. ही धमकी पोकळ नव्हती. १९८३ मध्ये काँटिनेंटलच्या फ्रँक लोरेन्झो यांनी दिवाळखोरीचा आधार घेऊन कामगारांचे करार एका फटक्यात मोडीत काढले होते. त्यानंतर १९८४ मध्ये कायदा बदलला, आधी वाटाघाटी कराव्या लागतील अशी अट आली. पण वाटाघाटी फसल्या तर करार रद्द करण्याची परवानगी द्यायचा अधिकार न्यायाधीशांकडे राहिलाच.

एप्रिलमध्ये शिकागोच्या ओ’हेअर विमानतळाजवळच्या एका हॉटेलात आमच्या शाखेची बैठक झाली. हॉल खचाखच भरलेला, मागे भिंतीला टेकून उभे राहिलेले लोक, निम्मे गणवेशात, कारण कोणी उड्डाण संपवून आलं होतं आणि कोणाला तासाभरात निघायचं होतं. समितीचे लोक पडद्यावर आकडे दाखवत होते. प्रश्नांच्या वेळी मी माइकजवळ गेलो आणि विचारलं, तासांचं कलम मान्य झालं तर किती माणसं घरी जातील, हा आकडा कुठल्या पानावर आहे? समितीचे प्रमुख म्हणाले, तो अंदाज कंपनीने दिलेला नाही. मी म्हटलं, तो कंपनीने द्यायची गरज नाही, भागाकार आपल्यालाही येतो. आणि वर मांडलेलं गणित मी तिथे मोठ्याने मांडलं.

खाली बसलो तसा शेजारच्या रांगेतून एक कॅप्टन उठून माझ्याजवळ आले. त्यांच्याबरोबर मी उडालो होतो. शांत, काटेकोर माणूस. चेकलिस्ट वाचताना एक शब्द गाळणार नाही. त्यांच्या हातात उड्डाण आराखड्याचा लांबलचक कागद होता आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने हिशेब मांडलेला होता. डावीकडे घराचा हप्ता, मुलीच्या कॉलेजची फी, आईच्या वृद्धाश्रमाचा खर्च. उजवीकडे कपातीनंतरचा पगार, एकदा ७८ तासांनी गुणलेला आणि एकदा ८८ तासांनी. पहिला गुणाकार खर्चाच्या खाली राहत होता, दुसरा जेमतेम वर जात होता. दुसऱ्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

“मी ५७ वर्षांचा आहे,” ते म्हणाले. “कायद्याने मला साठाव्या वाढदिवसाला ही खुर्ची सोडावी लागते. तुझ्यापुढे तीस वर्षं आहेत, माझ्यापुढे तीन. माझं पेन्शन शेवटच्या वर्षांच्या कमाईवर ठरणार आहे. मी हे तास घेतले नाहीत तर जन्मभर कमी पेन्शन घेईन. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?”

मी म्हटलं, “कॅप्टन, तुम्ही हे तास घेतलेत तर मी तुमच्या जागी कधी येणारच नाही.”

ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

मला त्यांचं म्हणणं तेव्हा खोटं वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याच मार्चच्या अखेरीस यूएस एअरवेजच्या वैमानिकांची पेन्शन योजना गुंडाळली गेली होती, त्यामुळे त्यांची धास्ती खरी होती. योजना बुडाली की ती सरकारच्या पेन्शन हमी महामंडळाकडे जाते आणि तिथे पूर्ण रक्कम ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यालाच मिळते. त्याआधी निवृत्त होणाऱ्याची कमाल रक्कम कापली जाते. वैमानिकाला कायदा ६० व्या वर्षी घरी पाठवत होता आणि दुसरा कायदा त्याला म्हणत होता, लवकर निवृत्त झालास म्हणून कमी घे. असल्या कात्रीत सापडलेला माणूस वरचे दहा तास सोडणार नाही, हे उघड आहे.

आणि इथेच मला त्या कराराची खरी गोम दिसली. पगारकपात आणि तासवाढ ही वेगळी कलमं नव्हतीच. तासाचा दर कापला की वरचा माणूस तोट्यात येतो, तोटा भरून काढायला त्याला जास्त तास हवे असतात, करार त्याला ते तास देतो आणि ते तास खालच्या माणसाच्या पोटातून येतात. कंपनीला दोनदा फायदा होतो, एकदा दरात आणि एकदा माणसांत. आणि भांडण लागतं ते कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर यांच्यात, ज्यांनी दुसऱ्या दिवशी एकाच कॉकपिटमध्ये एकमेकांच्या हाताएवढ्या अंतरावर बसायचं असतं.

त्याच महिन्यात अमेरिकन एअरलाइन्समध्ये काय झालं ते सगळ्या देशाने वाचलं. तिथल्या युनियनांनी दिवाळखोरी टाळायला सवलतींच्या बाजूने मतं दिली आणि नंतर कळलं की वरच्या अधिकाऱ्यांना टिकून राहण्याचे बोनस आणि त्यांच्या पेन्शनसाठी वेगळा सुरक्षित निधी आधीच ठरला होता. २४ एप्रिल २००३ ला कंपनीचे प्रमुख डॉन कार्टी यांना जावं लागलं. आमच्या क्रू रूममध्ये ती बातमी कोणीतरी कापून फळ्यावर लावली होती. तरीही आमचा करार मंजूर झाला. लोक घाबरलेले होते आणि घाबरलेला माणूस समोरचं पान वाचतो, पुढचं वाचत नाही.

माझं फर्लोचं पत्र कुरिअरने आलं. एक पान, खाली छापील सही. घरी दोन वर्षांची मुलगी, बायकोची औषधांच्या दुकानातली अर्धवेळ नोकरी. ती तिने त्याच आठवड्यात पूर्णवेळ करून घेतली, विम्यासाठी. अमेरिकेत नोकरीबरोबर आरोग्य विमा जातो आणि तो स्वतःच्या खिशातून चालू ठेवायचा म्हटलं तर बेकारीच्या भत्त्यातला मोठा वाटा त्यातच जातो. मी शिकागोच्या पश्चिमेला ड्यूपेज विमानतळावर पुन्हा सेसना १७२ वर शिकवायला लागलो. बोइंगच्या उजव्या खुर्चीतून सेसनाच्या उजव्या खुर्चीत. कामाची लाज कधीच वाटली नाही. त्रास व्हायचा तो वर पाहताना. ओ’हेअरला उतरणारी मोठी विमानं आमच्या डोक्यावरून जायची आणि आपल्या कंपनीचं शेपूट लांबूनही ओळखू यायचं.

वडिलांचा फोन आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “यादीत नाव आहे ना अजून?” मी हो म्हटलं. “मग गेट सोडू नकोस रे,” म्हणाले. मामांनी नंतर फोन घेतला आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही.

यादीत माझ्या थोडा वर असलेला एक मित्र वाचला होता. तो अधूनमधून सांगायचा, महिन्याच्या शेवटी ‘ओपन टाइम’चा फळा कसा भरतो. ओपन टाइम म्हणजे ज्या फेऱ्यांना माणूस नेमलेला नाही अशा फेऱ्या. पूर्वी त्या रिझर्व्हवरच्या मुलांना मिळायच्या. आता रिझर्व्हवाले घरी बसलेले, म्हणून त्या फेऱ्या फळ्यावर येत आणि जादा पैशांसाठी काही जण त्या उचलत. सगळे नाही. काही कॅप्टन फळ्याकडे बघतही नसत. पण उचलणारे होते आणि त्यांची नावं सगळ्यांना माहीत होती. त्यांच्याशी कॉकपिटमध्ये कामापुरतंच बोललं जाई, जेवायला कोणी बोलावत नसे.

युनियनने सरळ सांगायचं ना, की भाऊबंद घरी बसलेत तोवर ओव्हरटाइम घेऊ नका? इथे अमेरिकेचा कायदा आडवा येतो. विमान कंपन्या तिथे रेल्वे कामगार कायद्याखाली येतात. मूळ कायदा १९२६ चा, विमानांना १९३६ पासून लागू. त्या कायद्याखाली वाटाघाटींची लांबलचक प्रक्रिया संपेपर्यंत जे चालत आलंय ते तसंच चालू ठेवावं लागतं. वैमानिक आजवर ओव्हरटाइम घेत आले असतील, तर सगळ्यांनी मिळून तो नाकारणं हेही बेकायदा आंदोलन ठरू शकतं. १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या, तेव्हा न्यायालयाने त्यांच्या युनियनला ४ कोटी ५५ लाख डॉलर्स भरायला लावले. २००८ मध्ये शिकागोच्याच केंद्रीय न्यायालयाने युनायटेडच्या वैमानिकांच्या युनियनला मनाई हुकूम दिला, त्यात जादा काम नाकारण्याची मोहीमही होती. म्हणजे ‘तुमचा जादा तास हा तुमच्या सहकाऱ्याचा तास आहे’ एवढं साधं वाक्य युनियनच्या पत्रकात छापायचं तर आधी वकिलाला दाखवावं लागतं. उरतो तो एकेका माणसाचा विवेक आणि त्याच्या घराचा हप्ता. एकट्या विवेकावर एवढं ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणूनच रेषा करारात असायला हवी, जिथे ती सगळ्यांना सारखी लागू होते.

तो पेन्सिलचा हिशेब मांडणारा कॅप्टन २००६ मध्ये साठीला निवृत्त झाला. तोवर आमच्या योजनेचीही वाट लागली होती, ती महामंडळाकडे गेली. शेवटच्या तीन वर्षांत जादा तास उडून जी सरासरी वर नेली, तिचा उपयोग झाला नाही. रक्कम महामंडळाच्या कमाल मर्यादेवर ठरली. मला हे कळलं तेव्हा वाईट वाटलं. ज्या तासांसाठी आम्ही दोघं त्या हॉलमध्ये समोरासमोर आलो, ते ना त्यांच्या कामी आले ना माझ्या.

२००७ मध्ये मला परत बोलावलं. सिम्युलेटरवर प्रशिक्षण, पुन्हा गणवेश, पुन्हा रिझर्व्ह. त्या डिसेंबरात निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं. ज्येष्ठांसाठी ते न्यायाचंच होतं, पण आमची वर सरकणारी रांग एकदम थांबली. पुढच्या जुलैत तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलर्सवर गेला, कंपन्यांनी विमानं उभी केली आणि माझ्यासारखे अनेक जण दुसऱ्यांदा घरी गेले. त्या वर्षांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही.

पण २००९ च्या सुरुवातीचे दोन प्रसंग सांगायलाच हवेत. १५ जानेवारीला कॅप्टन सलनबर्गर यांनी इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीवर उतरवलं, सगळे १५५ जण वाचले. महिन्याभरात, १२ फेब्रुवारीला, बफेलोजवळ कोलगन कंपनीचं छोटं विमान कोसळलं आणि ५० माणसं गेली. त्यातली तरुण फर्स्ट ऑफिसर त्या कामावर हजर व्हायला सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करत नेवार्कला पोहोचली होती. अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची हाताळणी असं चौकशीत ठरलं, पण दोघांच्या थकव्याची नोंदही झाली. दरम्यान संसदेच्या समितीसमोर सलनबर्गर यांनी देशाला सांगितलं की त्यांचा पगार ४० टक्के कापला गेलाय आणि पेन्शन गेलंय. ज्या माणसाचं सारं जग कौतुक करत होतं, त्याची ही अवस्था ऐकून बाहेरच्या लोकांना धक्का बसला, आम्हाला नाही. जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, उड्डाणाच्या कामाआधी सलग दहा तासांची विश्रांती आली. पण २८ दिवसांत १०० तास आणि वर्षात १००० ही वरची मर्यादा जवळपास तशीच राहिली. तिच्याखालची रेषा आजही ज्याने-त्याने आपल्या करारात राखायची आहे.

मग मार्च २०२० आला, कोविड घेऊन. तोवर मी कॅप्टन झालो होतो, आमच्या शाखेचा निवडून आलेला प्रतिनिधीही. विमानं रांगेने वाळवंटात उभी राहिली. सरकारने केअर्स कायद्याखाली पगारासाठी पैसे दिले आणि अट घातली, ३० सप्टेंबरपर्यंत कोणाला काढायचं नाही. १ ऑक्टोबर जवळ येऊ लागला तशी कंपनीने पुन्हा यादी काढली, तळापासून.

या वेळी आम्ही उलटा प्रस्ताव मांडला. किमान हमीचे तास, म्हणजे विमान उडो न उडो कंपनीने महिन्याला जेवढ्या तासांचे पैसे द्यायचे असतात ते तास, सगळ्यांनी तात्पुरते कमी करून घ्यायचे आणि उरलेल्या कामात तळाच्या मुलांना धरून ठेवायचं. बैठका व्हिडिओवर झाल्या. माझ्याच वयाचे, माझ्याबरोबरच २००३ मध्ये घरी गेलेले लोक सगळ्यांत जास्त विरोधात होते. एकाने विचारलं, “तेव्हा आपल्यासाठी कोणी कमी तास घेतले होते?” दुसरा म्हणाला, सवलत दिली की ती परत येत नाही, वीस वर्षं आपण तेच भोगतोय. त्याचं बरोबर होतं. म्हणून मी आग्रह धरला की प्रस्तावात परतीची तारीख लिहिलेली हवी आणि त्या तारखेपर्यंत एकाही वैमानिकाला फर्लो नाही, हे कलम त्याच पानावर हवं. मी त्यांना सांगितलं, २००३ मध्ये आपण तास वर नेले म्हणून माणसं गेली. आता तास खाली आणतोय ते माणसं राहावीत म्हणून. दोन्हीला सवलत म्हणतात म्हणून दोन्ही एक नाहीत.

एका संध्याकाळी पडद्यावर एक तरुण फर्स्ट ऑफिसर आला, यादीच्या अगदी तळाचा. मांडीवर तान्हं मूल. तो काही मागायला आला नव्हता. त्याने फक्त विचारलं, मतदान कधी संपतं, म्हणजे भाड्याच्या घराची नोटीस त्याप्रमाणे देता येईल. त्यानंतर काही वेळ कोणी माइक चालू केला नाही. मला वाटतं, माझ्या गणितापेक्षा त्या प्रश्नाने जास्त मतं फिरवली.

प्रस्ताव मंजूर झाला, फार मोठ्या फरकाने नाही. आमच्याकडे कोणी घरी गेलं नाही. बाहेर १ ऑक्टोबरला अमेरिकन आणि युनायटेड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ३२,००० कर्मचारी घरी पाठवले. अमेरिकनचे सुमारे १६०० वैमानिक त्यात होते. युनायटेडच्या वैमानिकांनी मात्र तास वाटून घेण्याचा करार करून २८५० जणांचं जाणं टाळलं होतं. डिसेंबरअखेर सरकारची दुसरी मदत आली आणि घरी गेलेले परतू लागले. दोन वर्षांत चित्र असं पालटलं की कंपन्यांना वैमानिक पुरेनात. २०२३ मध्ये डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या तिन्ही ठिकाणी मोठ्या पगारवाढीचे करार झाले. २००३ मध्ये गमावलेला पगार काही जणांना तरी परत मिळाला. त्या काळात कायमचे धंदा सोडून गेलेले मित्र मात्र परत आले नाहीत. एक आज घरं विकतो, एक शाळेत गणित शिकवतो.

डिसेंबर २०२५ मध्ये भारतात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. पुण्या-मुंबईच्या विमानतळांवर लोक बॅगांवर बसून राहिले. माझा भाचाही त्यात अडकला होता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि त्या नियमांना पुरेल एवढं मनुष्यबळ कंपनीने आखलेलं नव्हतं. भाच्याने चिडून मला फोन केला, नियमांनीच घोळ घातला म्हणाला. मी त्याला तेच ७८ आणि ८८ चं गणित सांगितलं.

आता भारतातली मराठी मुलंमुली मोठ्या संख्येने या धंद्यात येताहेत, त्यांच्या आईवडिलांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न पगाराचा असतो. तुमच्या घरातलं कोणी कॉकपिटमध्ये जाणार असेल तर सही करण्याआधी त्याच्याकडून करारातल्या तीन जागा वाचून घ्या: किमान हमीचे तास किती, कमाल तास किती आणि घरी बसवलं तर परत बोलावण्याचा हक्क किती वर्षं टिकतो. आणि पुढच्या संकटात कंपनीने सवलती मागितल्या, तर परतीची तारीख लिहून घेऊन पगार कमी करून घ्या. कमाल तासांची रेषा मात्र वर नेऊ देऊ नका.